नायलॉनच्या जाळ्यात कोण अडकले?

आयात की स्वदेशी, हा वाद या देशात जवळपास प्रत्येक वस्तूबाबत केव्हा ना केव्हा रंगलेला आहे. मासेमारीच्या कृत्रिम धाग्याच्या जाळ्यांबाबतही तो रंगला, आणि २०१८ साली केंद्र सरकारने बांगलादेश व चीन या देशांतून येणाऱ्या जाळ्यांवर अँटी-डंपिंग शुल्क बसवून त्याचा निकाल लावला. परदेशी कारखानदार आपल्या घरच्या भावापेक्षा कमी भावाने माल येथे आणून ओततो आणि त्यामुळे देशी कारखानदाराचे नुकसान होते, असे सिद्ध झाले की हे शुल्क बसते. देशी जाळे-कारखानदारांना हायसे वाटले, आयातदारांनी कपाळाला हात लावला, उभय पक्षांच्या वकिलांची कामे झाली. वर्तमानपत्रांच्या व्यापारी पानावर चार ओळी आल्या आणि प्रकरण मिटले.

परंतु ज्याच्या होडीत ते जाळे चढते, ज्याच्या कर्जाच्या वहीत त्याची किंमत मांडली जाते आणि फाटल्यावर ज्याच्या बायकोच्या मांडीवर ते दुरुस्तीला येते, त्या मच्छीमाराला या कज्जात स्थान कोणते? कायदा वाचला तर उत्तर सापडते, आणि ते उत्तर लाजिरवाणे आहे. १९७५ च्या सीमाशुल्क दर कायद्याचे ९-अ हे कलम आणि त्याखालील १९९५ चे नियम यांत ‘देशी उद्योग’ या शब्दाची व्याख्या आहे. देशी उद्योग म्हणजे त्या वस्तूचे देशातील उत्पादक. एकूण देशी उत्पादनाच्या किमान २५ टक्के उत्पादन ज्यांच्या हाती आहे त्यांनी मागणी केली की चौकशी सुरू होऊ शकते. नुकसान मोजायचे ते त्यांचे. विक्री घटली ती त्यांची. नफा बुडाला तो त्यांचा. ती वस्तू वापरून जो पोट भरतो त्याच्या नुकसानीचा रकाना त्या तक्त्यात मुळी आखलेलाच नाही. वापरणाऱ्यांना म्हणणे मांडण्याची संधी द्यावी, असे नियमात एक वाक्य आहे, हे खरे. परंतु ते वाक्य कारखाने म्हणून वस्तू वापरणाऱ्यांना आणि ग्राहकांच्या प्रातिनिधिक संघटनांना उद्देशून आहे. दिल्लीतील व्यापार उपाय महासंचालनालयाची इंग्रजी प्रश्नावली, ताळेबंद, गोपनीय व अगोपनीय अशा दोन प्रती आणि ठरल्या मुदतीत उत्तर, हा सारा सरंजाम हर्णैच्या किंवा सातपाटीच्या सोसायटीच्या चिटणिसाने कोणत्या खर्चातून उभा करावा? दार उघडे आहे असे सांगायचे आणि उंबरठा छातीइतका उंच ठेवायचा, हा राज्यकर्त्यांचा जुना खेळ आहे.

यावर अर्थखात्याचे कैवारी म्हणतील की, कायदा सर्वांना सारखा आहे. सारखा आहे काय? पॉलिएस्टरसाठी लागणाऱ्या पीटीए या रसायनावर असेच अँटी-डंपिंग शुल्क होते. कच्चा माल महाग पडतो, अशी ओरड कापड उद्योगाने केली. २०२० च्या अर्थसंकल्पात ते शुल्क रद्द झाले, आणि कारण देण्यात आले ‘लोकहित’. म्हणजे वापरणाऱ्याच्या हितासाठी शुल्क उठविता येते, तो अधिकार सरकारकडे आहे आणि सरकारला तो आठवतोही. फक्त वापरणारा गिरणीमालक असावा लागतो. होडीमालकाचा आणि तिच्यावरील खलाशाचा समावेश लोकांत होतो की नाही, याचा खुलासा अर्थमंत्र्यांनी कधी केलेला नाही.

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. शुल्कावर टीका केली की लगेच मुक्त व्यापाराचे भाट पुढे येतात आणि ‘येऊ द्या स्वस्त माल, मच्छीमाराचे कल्याण होईल’ असे गाऊ लागतात. त्यांच्या सुरात सूर मिसळण्याचे समाजवाद्यांना काहीच कारण नाही. ओतलेला स्वस्त माल कायम स्वस्त राहत नाही. देशी कारखाना बुडेपर्यंत तो स्वस्त असतो, पुढे भाव ठरविणारा एकटाच उरतो. शिवाय बांगलादेशातून आलेले जाळे म्हणजे काही बांगलादेशी कामगारांनी भारतीय कामगारांवर केलेली स्वारी नव्हे. सर्वांत मागासलेल्या देशांना सवलत म्हणून भारताने २०११ पासून बांगलादेशाच्या जवळजवळ सर्व मालाला करमुक्त प्रवेश दिला. एका हाताने औदार्य दाखवून दुसऱ्या हाताने शुल्क लावण्याची वेळ आली, याचा अर्थ ती सवलत देतानाही आणि ती काढून घेतानाही या धंद्यातील श्रमिकांचा विचार कोणी केला नव्हता, ना येथल्या ना तेथल्या. कारखानदाराचे संरक्षण आणि आयातदाराचे स्वातंत्र्य या दोहोंपैकी एक निवडा, असा हा प्रश्न मांडला जातो तेव्हाच तो चुकीचा मांडला जातो.

तो नीट मांडायचा तर थोडे मागे जावे लागेल.

नायलॉन येण्यापूर्वी या देशाच्या किनाऱ्यावरील जाळी सुताची, सणाची, तागाची होती. ती कुजत. खाऱ्या पाण्यातून बाहेर काढली की वाळवावी लागत, झाडांच्या सालींच्या काढ्यात बुडवून रंगवावी लागत, आणि एवढे करूनही फार दिवस टिकत नसत. नायलॉनचे जाळे हलके, मजबूत, न कुजणारे. पाण्यात ते माशाला सहसा दिसत नाही, म्हणून मासळीही अधिक मिळते. या धाग्याने मच्छीमाराच्या पाठीवरचे कष्ट हलके केले, हे नाकारणे हा खोटेपणा होईल. सुताच्या जाळ्याकडे परत चला, असे किनाऱ्यावरचा कोणीही शहाणा माणूस म्हणणार नाही. प्रश्न धाग्याचा नव्हताच. तो धागा कोणाच्या मालकीने आला, हा प्रश्न होता.

१९५२ साली भारत, नॉर्वे आणि संयुक्त राष्ट्रसंघ यांच्यात करार झाला, आणि त्यातून केरळात कोल्लमजवळ नींदकरा व शक्तिकुलंगरा या गावांत इंडो-नॉर्वेजियन प्रकल्प उभा राहिला. मच्छीमारांचे जीवनमान उंचावणे हा त्याचा जाहीर हेतू होता. यांत्रिक होड्या आल्या, बर्फाचा कारखाना आला, नायलॉनची जाळी आली. पुढे परदेशात कोळंबीला भाव आहे हे ध्यानात आले, आणि प्रकल्पाची दिशाच बदलली. ज्यांच्या घरात कधी जाळे नव्हते अशा व्यापाऱ्यांनी ट्रॉलर घेतले. किनाऱ्याजवळचा तळ खरवडून काढला जाऊ लागला. साध्या होडीवरचा मच्छीमार आपल्याच पाण्यात परका झाला. १९८० नंतरच्या दशकात केरळच्या मच्छीमारांनी पावसाळी ट्रॉलबंदीसाठी लढा दिला, एकामागून एक समित्या बसल्या, आणि १९८८ साली ती बंदी पहिल्यांदा खऱ्या अर्थाने लागू झाली. दरम्यान जे माशांचे थवे गेले ते गेलेच.

या कथेचा एक भाग सहसा सांगितला जात नाही, कारण तो बायकांचा आहे. तिरुवनंतपुरम आणि कन्याकुमारी जिल्ह्यांच्या किनाऱ्यावर जाळी विणणे हा हजारो स्त्रियांचा घरबसल्या रोजगार होता. नायलॉन आल्यावरही काही काळ तो टिकला, कारण धागा बदलला तरी गाठ हातानेच मारावी लागे. मग जाळी विणण्याची यंत्रे परदेशातून आली. एक यंत्र कित्येक हातांचे काम करू लागले. १९७० च्या दशकाच्या अखेरीपासून या स्त्रियांनी यंत्रांविरुद्ध आवाज उठविला, मोर्चे काढले. पण यंत्र थांबले नाही आणि पर्यायी कामही मिळाले नाही. आज ‘देशी जाळे उद्योग’ म्हणून ज्याच्या नुकसानीचे हिशेब दिल्लीत मांडले जातात, तो उद्योग या स्त्रियांच्या रोजगाराच्या जागेवर उभा आहे. त्यांच्या नुकसानीची चौकशी करणारे महासंचालनालय त्या वेळी नव्हते आणि आजही नाही. परदेशी माल आला तर ते डंपिंग. परदेशी यंत्र आले तर ती प्रगती!

गोव्याच्या किनाऱ्यावर हाच धडा दुसऱ्या रीतीने गिरविला गेला. रांपण ही सामुदायिक मासेमारी. अख्खा वाडा दोर ओढायला उतरतो आणि मासळीची वाटणी होते. १९७० च्या दशकात बँकांच्या कर्जावर ट्रॉलर आणि पर्ससीनच्या बोटी आल्या आणि रांपणीपर्यंत पोचायच्या आधीच थवेच्या थवे नायलॉनच्या घेऱ्यात बंद होऊ लागले. मातान्ही साल्ढाणा यांच्या नेतृत्वाखाली रांपणकारांनी जो लढा दिला त्याचा आवाज पुढे देशभर पोचला. १९७८ साली मच्छीमारांची राष्ट्रीय पातळीवरील संघटना उभी राहिली. १९८० मध्ये केरळ व गोवा आणि १९८१ मध्ये महाराष्ट्र येथे सागरी मासेमारी नियमन कायदे झाले ते या दडपणामुळे. राज्यकर्त्यांना एका सकाळी समुद्राचा कळवळा आला म्हणून नव्हे.

आता त्या कायद्यांचे काय झाले ते महाराष्ट्रात पाहावे. फेब्रुवारी २०१६ च्या आदेशाने पर्ससीन मासेमारीला सप्टेंबर ते डिसेंबरची मर्यादा घातली गेली. २०१७ मध्ये केंद्राने एलईडी दिव्यांच्या मासेमारीवर बंदी आणली. २०२१ मध्ये राज्याच्या कायद्यातील दंड वाढविण्यात आले. २०२३ मध्ये ५४ जातींच्या माशांचे किमान आकारमान ठरविण्यात आले. त्याहून लहान मासा पकडणे आणि विकणे गुन्हा. हे निर्बंध आवश्यक आहेत आणि छोट्या मच्छीमारांच्या संघटनांनीच ते मागितले होते. परंतु या साऱ्याचा रोख बोटीवर, बंदरावर आणि मासळीच्या पाटीवर आहे. बारीक आसाचे जाळे ज्या कारखान्यात विणले जाते, जो आयातदार ते आणतो, जो व्यापारी ते उधारीवर गळ्यात मारतो, त्यांच्या दाराशी कायदा पोचत नाही. जाळे विणणे हा उद्योग, विकणे हा व्यापार आणि पाण्यात टाकणे हा गुन्हा! ज्या बांगलादेशाच्या जाळ्यांवर आपण शुल्क लावले त्याने २००२ साली कायद्यात दुरुस्ती करून ‘करेंट जाल’ या बारीक एकधागी नायलॉन जाळ्याचे उत्पादन, आयात, विक्री आणि साठा यांवरच बंदी घातली. तेथेही चोरून कारखाने चालतात, धाडी पडतात. तरीपण गुन्ह्याचे मूळ कारखान्यात आहे, एवढे त्या कायद्याला कळले.

कारखानदारांच्या वाट्याला काय आले, याचाही हिशेब मांडला पाहिजे. वस्तू व सेवा कर जुलै २०१७ मध्ये लागू झाला तेव्हा मासेमारीच्या जाळ्यांवर १२ टक्के कर होता. नोव्हेंबरात तो ५ टक्क्यांवर आणला गेला. पुढील वर्षी जाळ्यांना अँटी-डंपिंगचे कवच मिळाले. २०२१ च्या अर्थसंकल्पात कॅप्रोलॅक्टम हे नायलॉनचे मूळ रसायन, नायलॉनचे दाणे आणि नायलॉनचा धागा यांवरील आयात शुल्क ५ टक्क्यांवर उतरविले गेले. तयार मालाला आडोसा आणि कच्च्या मालाला सवलत, असे दोन्ही बाजूंनी तूप पोळीवर पडले. कारखाने जगले पाहिजेत, त्यांतील कामगारांचे काम टिकले पाहिजे, याबद्दल दुमत नाही. परंतु सवलतीच्या बदल्यात जाळ्याचा भाव किती उतरला पाहिजे, अशी एकही अट कोणत्याही अधिसूचनेत घातली गेली नाही. राज्य सरकार मच्छीमारांना जाळी व सूत खरेदीसाठी अर्थसाहाय्य देते. भावावर ताबा नसला की ते अर्थसाहाय्य मच्छीमाराच्या नावाने निघते आणि दुकानदाराच्या गल्ल्यात जाते, हे किनाऱ्यावरच्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. खाजगी मालकाला दिलेले संरक्षण उद्योगाला दिलेले संरक्षण असतेच असे नाही, याचा पुरावा मुंबईतच आहे. गोरेगावला निर्लॉनच्या ज्या आवारात नायलॉनचा धागा निघत असे, तेथे आज माहिती-तंत्रज्ञान कंपन्यांची कार्यालये आहेत. धाग्यापेक्षा जमिनीला भाव अधिक आला, इतकेच.

आणि निर्यात? तिचे चित्र मोठे बोधप्रद आहे. पुणे आणि वाई येथील गरवारेंच्या कारखान्यांत विणलेली जाळी आज नॉर्वे, स्कॉटलंड, चिली, कॅनडा या देशांत सॅमन माशांच्या समुद्रातील पिंजऱ्यांसाठी जातात. ज्या नॉर्वेने सत्तर वर्षांपूर्वी कोल्लमच्या मच्छीमाराला नायलॉनचे जाळे शिकविले, त्याच नॉर्वेच्या सॅमनला सातारा जिल्ह्यातील कामगारांचे हात घर बांधून देतात. यात त्या कामगारांच्या आणि तंत्रज्ञांच्या कौशल्याचा गौरवच आहे. सील माशांचे दात झेलणारे, शेवाळ व कालवे धरू न देणारे, समुद्रात दीर्घकाळ टिकणारे जाळे बनविणे हे हलके काम नव्हे. पण हीच बुद्धी आणि हीच यंत्रे वसईच्या डोलीसाठी किंवा मालवणच्या छोट्या होडीसाठी का झिजत नाहीत? कारण उघड आहे. नॉर्वेचा सॅमन-उद्योजक रोख पैसे मोजतो. मालवणचा मच्छीमार उधारीवर घेतो, आणि फाटेपर्यंत वापरतो, आणि फाटल्यावर सांधतो. बाजार ज्याच्या खिशात पैसा त्याचेच संशोधन करतो.

व्यापाराचा दुसरा पदर तर याहून उघडावाघडा आहे. युरोपीय संघाच्या २०१९ च्या निर्देशाने प्लास्टिकच्या मासेमारी साधनांची, ती निकामी झाल्यानंतरची जबाबदारी उत्पादकांवर टाकली, आणि २०२४ अखेरपर्यंत तशी व्यवस्था उभारण्याचे बंधन सदस्य देशांवर घातले. म्हणजे तेथल्या बाजारात उतरलेल्या जाळ्याचे मढे उचलण्याचा खर्च उत्पादकाने सोसायचा. भारतात उत्पादकाच्या जबाबदारीचे जे नियम २०२२ मध्ये आले ते प्लास्टिकच्या वेष्टनांपुरते. जाळी त्यांत नाहीत. येथे न कुजणारे जाळे तुटून तळाशी बसते, वर्षानुवर्षे मासे, कासवे मारीत राहते, आणि त्याचा मालक कोणीच नसतो. नायलॉनचा जो गुण दुकानात सांगितला जातो तोच समुद्रात शाप ठरतो, हे कारखान्याच्या हिशेबात कोठेही दिसत नाही.

नींदकऱ्यालाच याचा शेवट पाहायला मिळतो. जेथे नॉर्वेची जाळी उतरली त्याच बंदरात २०१७ पासून केरळ सरकारच्या ‘शुचित्व सागरम्’ योजनेखाली मच्छीमार आपल्या जाळ्यांत आलेले प्लास्टिक परत किनाऱ्यावर आणतात. त्यात जुन्या जाळ्यांचे तुकडेही असतात. ते धुऊन, निवडून, बारीक करून रस्त्याच्या डांबरात मिसळले जाते. निवडण्याचे काम करतात स्थानिक स्त्रिया. योजना चांगली आहे आणि इतर राज्यांनी तिचे अनुकरण करावे. परंतु ज्या किनाऱ्यावर स्त्रियांच्या हातून नवे जाळे विणण्याचे काम काढून घेतले, त्या किनाऱ्यावर त्यांच्या हाती मेलेले जाळे निवडण्याचे काम दिले, आणि त्याचा खर्च जाळे विकून नफा मिळविणाऱ्याने नव्हे तर सरकारने व मच्छीमाराने उचलला, हे विसरून चालणार नाही.

तर मग करावयाचे काय? उत्तर हवेत शोधण्याची गरज नाही. केरळात ‘मत्स्यफेड’ हा मच्छीमार सहकारी संस्थांचा राज्य महासंघ १९८४ पासून आहे, आणि एर्नाकुलम, कण्णूर व तिरुवनंतपुरम येथे त्याचे स्वतःचे जाळ्यांचे कारखाने आहेत. एर्नाकुलम जिल्ह्यातच, उद्योगमंडल येथे, ‘फॅक्ट’ या केंद्र सरकारच्या कंपनीचा वर्षाला ५०,००० टन क्षमतेचा कॅप्रोलॅक्टम कारखाना १९९० पासून आहे. तो २०१२ मध्ये बंद पडला आणि जवळपास दशकभर बंद राहिला. बडोद्याला गुजरात सरकारने उभारलेल्या खत कंपनीतही कॅप्रोलॅक्टम निघते. म्हणजे साखळीचे पहिले टोक सार्वजनिक क्षेत्रात आहे आणि अखेरचे टोक सहकारात असू शकते, हे सिद्ध झालेले आहे. मधला कताईचा दुवा मुख्यतः खाजगी हातांत आहे, आणि भावाची गाठ नेमकी तेथे व त्यापुढच्या दुकानात मारली जाते. महाराष्ट्राला ७२० किलोमीटरचा किनारा आहे, मच्छीमार सहकाराची जुनी परंपरा आहे, नायलॉन कातणारे आणि जाळी विणणारे कुशल कामगार पुण्या-वाईत आहेत. तरीही येथल्या सोसायट्या दुसऱ्याच्या जाळ्यांच्या गिऱ्हाईक म्हणूनच का उभ्या आहेत, हा प्रश्न सहकारमंत्र्यांना विचारला गेला पाहिजे. साखरेसाठी भागभांडवल उभे राहते, जाळ्यासाठी राहत नाही. कारण साखरेच्या पोत्यामागे आमदार उभा असतो.

पैसा नाही, हे कारण तर कोणी देऊच नये. जाळ्यांवरील शुल्काचा पैसा सरकारच्या तिजोरीत जातो. तो शेवटी मच्छीमाराच्याच खिशातून निघालेला असतो, आणि त्याचा वेगळा निधी करून जुनी जाळी परत विकत घेण्यास तो लावता येईल. जाळ्याची किंमत मोजणे सरकारला जमत नाही असेही नाही. डॉल्फिन, कासव यांसारखा संरक्षित प्राणी सोडविण्यासाठी मच्छीमाराने स्वतःचे जाळे कापले, तर २५,००० रुपयांपर्यंत भरपाई देण्याची योजना महाराष्ट्राने २०१८ मध्येच सुरू केली. ज्या वर्षी दिल्लीने कारखानदाराच्या नुकसानीची भरपाई शुल्काने केली त्याच वर्षी मुंबईत मच्छीमाराच्या कापलेल्या जाळ्याची किंमत सरकारी कागदावर आली. फक्त ती कासवामुळे आली.

किनारपट्टीवरील कार्यकर्त्यांनी हा विषय तज्ज्ञांचा म्हणून सोडून देता कामा नये. चौकशीच्या नियमांत ‘वापरणारे’ म्हणून मच्छीमार सहकारी संस्थांना नावानिशी स्थान, शुल्काच्या प्रत्येक सवलतीमागे भावाची अट, बारीक आसाच्या जाळ्यांच्या उत्पादनावर व आयातीवर निर्बंध, आणि निकामी जाळ्यांची जबाबदारी उत्पादकांवर, या मागण्या डहाणूपासून वेंगुर्ल्यापर्यंतच्या सोसायट्यांच्या सर्वसाधारण सभांत ठराव म्हणून आल्या पाहिजेत. आणि पुढल्या वेळी जाळ्यांवरील शुल्काची चौकशी निघेल तेव्हा ते ठराव, मराठीतच लिहिलेले, महासंचालनालयाच्या टेबलावर पडले पाहिजेत. सोबत जोडायला गोपनीय ताळेबंद नसले तरी गेल्या दहा वर्षांच्या जाळे-खरेदीच्या पावत्या प्रत्येक घरात पत्र्याच्या पेटीत आहेत.